खरारा हातात द्या : आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

धामणगाव रेल्वे, जि. अमरावती

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



आपल्या विद्यापीठातून ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे व्यवसायोपचाराची, पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या काळात काही तास घोड्याबरोबर काम करायला मिळावे आणि ते काम त्यांच्या शिक्षणाचा भाग धरले जावे, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र आहे. विनंती वाचून भुवया उंचावतील, याची कल्पना आहे. वऱ्हाडातल्या अनेक घरांना मूल थेरपिस्टला दाखवायचे तर अजून दूरच्या शहराची गाडी धरावी लागते. अशा मुलखातल्या माणसाने आधी थेरपिस्ट मागावेत, घोडे कसले मागतो, असे कोणीही म्हणेल. त्या आक्षेपाकडे पुढे येतोच. आधी मागणी नेमकी काय ते सांगतो. रुग्णाला घोड्यावर बसवून बरे करणारी केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यात काढा, असे माझे म्हणणे नाही. तशी केंद्रे काढण्याइतका भक्कम पुरावा आज हाताशी नाही, असेच माझे मत आहे. मागणी आहे ती विद्यार्थ्यासाठी. घोड्याला खरारा करणे, त्याला हाताने धरून चालवणे, जीन कसणे, त्याच्या चालीचे निरीक्षण करणे या कामांतून थेरपिस्टच्या मूळ विद्येचा एक भाग शिकवता येतो, आणि तो भाग रुग्णालयाच्या टेबलावर शिकवणे फार अवघड जाते.

ही मूळ विद्या कोणती? माणूस रोज जी कामे करतो त्यांची उकल करायची, आजाराने किंवा अपंगत्वाने त्यातला कोणता दुवा निखळला ते हेरायचे, आणि तेच किंवा त्यासारखे काम त्याला झेपेल अशा पायऱ्यांनी पुन्हा करायला लावायचे. भारतात या विद्येचे पहिले विद्यालय अमेरिकेतून येऊन इथल्या झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केले. दोनच वर्षांनी अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच 1952 साली स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचे नाव लागले. काम हाच उपचार, ही कल्पना आमच्या जिल्ह्यालाही नवी नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये अमरावतीजवळ तपोवन उभारले, तेव्हा कुष्ठरुग्णांच्या हातांना औषधाबरोबर कामही दिले. बधिर झालेल्या बोटांनी अवजार कसे धरायचे, जखम होऊ न देता काम कसे करायचे, हे प्रश्न तिथे पुस्तकातून आले नाहीत, समोरच्या कामातून आले. सांगायचा मुद्दा असा की या शास्त्राचे वर्ग नेहमीच कामाच्या जागी भरत आले आहेत. आजच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळ मणी, शंकू, खुंट्यांच्या पाट्या आणि रंगीत चेंडू येतात. ही साधने वाईट नाहीत. पण ती निर्जीव आहेत आणि विद्यार्थ्याने काय चुकवले हे ती सांगत नाहीत.

घोडा या कहाणीत कुठून आला, तेही 1952 मध्येच सापडते. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांनी ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून ड्रेसाज या प्रकारात रौप्यपदक मिळवले. पोलिओने त्यांचे गुडघ्यांखालचे पाय निकामी केले होते. घोड्यावर चढायला आणि उतरायला माणूस लागत असे. त्यानंतर युरोपात, मग अमेरिकेत, घोड्याच्या चालीचा उपचारासाठी वापर वाढत गेला. त्यामागची यंत्रणा समजायला सोपी आहे. पावलापावलाने चालणाऱ्या घोड्याची पाठ एकाच वेळी पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित पीळ घेत हलते. वर बसलेल्या माणसाच्या कमरेला ही तिहेरी हालचाल मिळते, आणि ती माणसाच्या स्वतःच्या चालण्यातल्या कमरेच्या हालचालीशी पुष्कळ जुळते. मिनिटाला शंभराच्या आसपास पावले, दर पावलाला तोल सावरण्याची एक संधी. ज्या मुलाने कधी स्वतःच्या पायांनी चाल अनुभवली नाही, त्याच्या धडाला ती अशी उसनी मिळते. थेरपिस्ट घोडा थांबवतो, पुन्हा चालवतो, वळवतो, पावले लांब करायला लावतो, आणि दर वेळी मुलाच्या धडावर वेगळी मागणी येते. घोड्याच्या चालीने होणाऱ्या या उपचाराच्या, म्हणजे हिपोथेरपीच्या, अमेरिकेतल्या संघटनेची भूमिकाही अशीच आहे : हा स्वतंत्र धंदा नाही, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांच्या हातातले ते एक साधन आहे. घोडेस्वारीचा वर्ग वेगळा, उपचार वेगळा, आणि मी ज्याविषयी बोलतो आहे ते शिक्षण तिसरे.

उपचाराचा पुरावा काय सांगतो, हे लपवून माझा युक्तिवाद पुढे जाणार नाही. 2003 साली अमेरिकेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या 15 मुलांवर एक छोटा प्रयोग झाला. काही मुलांना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर बसवले, काहींना तेवढाच वेळ एका स्थिर पिंपावर पाय फाकून बसवले. धडाच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कामातला असमतोल घोड्यावरच्या मुलांत कमी झाला, पिंपावरच्या मुलांत तसा झाला नाही. म्हणजे नुसत्या बसण्याने काही होत नाही, हालचालीने होते. दक्षिण कोरियात 92 मुलांना घेऊन केलेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे आठ आठवडे केल्यावर मुलांच्या ढोबळ हालचाली आणि तोल सुधारला. पण ऑस्ट्रेलियात 99 मुलांवर झालेल्या दहा आठवड्यांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2009 मध्ये आले, घोडेस्वारी केलेल्या आणि न केलेल्या मुलांत लक्षणीय फरक सापडला नाही. स्वमग्न मुलांवरचा सर्वांत नेटका अभ्यास 2015 चा, 127 मुलांचा. त्यात तुलनेच्या गटातल्या मुलांनाही तबेल्यातच नेले होते, फक्त खऱ्या घोड्याऐवजी घोड्याएवढा कापडी घोडा दिला होता. खऱ्या घोड्याच्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता कमी झाली, बोललेले शब्द वाढले. चित्र संमिश्र आहे. कोणत्या मुलाला, कोणत्या घोड्यावर, किती वेळ आणि कोणाच्या देखरेखीखाली, यावर सगळे अवलंबून दिसते. निवड करू शकणारा थेरपिस्ट नसेल तर घोडा असूनही काही उपयोग नाही. पुरावा डळमळीत आहे म्हणून शिक्षण नको, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे. बाजारात "घोडा-थेरपी" या नावाने पैसे घेणारे येणारच. पालकांना "हे करा" किंवा "हे करू नका, तुमच्या मुलाचा खुबा निखळलेला आहे" असे ठामपणे सांगायला त्या वेळी कोणी तरी शिकलेला माणूस हवा.

आता शिक्षणाकडे वळू. विद्यार्थ्याच्या हाती खरारा द्या आणि काय घडते ते बघा. पट्टा मुठीवरून घ्यायचा, घोड्याच्या डाव्या खांद्यापाशी उभे राहायचे, मानेपासून सुरुवात करून गोल फिरवत केसांतली धूळ आणि गळालेले केस वर आणायचे, मग केसांच्या दिशेने ब्रश मारून झाडून टाकायचे. हाडाच्या जागी, गुडघ्याखाली आणि तोंडावर खरारा चालवायचा नाही; तिथे मऊ ब्रश किंवा फडके. एक बाजू झाली की पुठ्ठ्यावर हात ठेवून, अंगाला खेटून मागून पलीकडे जायचे, म्हणजे माणूस कुठे आहे हे घोड्याला कळते. खूर उचलायचा तर खांद्यावरून हात हळूहळू पायाच्या नळीपर्यंत उतरवायचा. घोडा आपला भार बाकीच्या तीन पायांवर टाकतो, तो क्षण पकडायचा. आता शिक्षकाने विचारावे : या कामात काय काय लागले? उभ्याचा तोल. खांद्याच्या वर हात नेणे. एका हाताने शरीराची मधली रेषा ओलांडणे. दुसऱ्या हाताने लगाम सैल पण हातात ठेवणे. दाब किती द्यायचा याचा अंदाज, क्रम लक्षात ठेवणे, धूळ, वास आणि खरखरीत स्पर्श सोसणे, आणि या सगळ्यात एका मोठ्या जनावराच्या कानांकडे लक्ष असू देणे. पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. हेच काम अर्धांगवायू झालेल्या पन्नाशीच्या शेतकऱ्याला द्यायचे तर कुठून सुरुवात कराल? आणि ब्रशचा नुसता आवाजही सहन न होणाऱ्या सहा वर्षांच्या स्वमग्न मुलीला? पहिल्यासाठी पट्टा रुंद करावा लागेल, उभे राहण्याऐवजी स्टूल द्यावे लागेल, पाठ सोडून खांद्यापुरतेच काम ठेवावे लागेल. दुसरीसाठी कदाचित पंधरा फुटांवरून बघणे हीच पहिली पायरी असेल. कामाची अशी उकल करणे आणि त्याच्या पायऱ्या पाडणे हा या अभ्यासक्रमाचा गाभाच आहे. घोड्याच्या अंगावर तो अर्ध्या तासात हाताला कळतो.

मण्यांच्या पाटीवर हीच उकल करता येते, हे खरे. पण तिथे एक गोष्ट नसते, आणि माझा सगळा भर त्या गोष्टीवर आहे. ती म्हणजे समोरच्या जिवाकडून ताबडतोब मिळणारा, भिडस्तपणा नसलेला प्रतिसाद. आमच्या भागातला रुग्ण फार सभ्य असतो. शिकाऊ पोराने खांदा चुकीचा वळवला, दुखले, तरी "बरं वाटते जी" असेच म्हणेल, कारण पांढऱ्या कोटातल्या माणसाला नाही म्हणायची त्याला सवय नाही. मूल बोलणारे नसेल तर त्याचे सांगणे चेहऱ्यावर, बोटांत, श्वासात आणि अंगाच्या ताठरपणात असते, आणि ते वाचायला शिकवायचे कुठे? व्याख्यानात ते शिकवता येत नाही, आणि आजारी मुलावर सराव करणे न्यायाचे नाही. घोडा शिकार होणाऱ्या प्राण्यांतला. बहुतेक सगळीकडचे दिसावे म्हणून डोळे बाजूला, धोका वाटला की पळायचे, हा त्याचा स्वभाव. विद्यार्थी घाईने आला, हात आखडून आला, मनात एक आणि हालचालीत दुसरे घेऊन आला, तर घोडा मान वर करतो, कान मागे टाकतो, वजन दुसऱ्या पायावर नेतो, एक पाऊल सरकतो. विद्यार्थ्याने श्वास सोडला, पाऊल मागे घेतले, पुन्हा बाजूने आला, तर घोडा मान खाली आणतो. चूक आणि दुरुस्ती यांत काही सेकंदांचे अंतर. इतका प्रामाणिक परीक्षक आपल्या विद्यापीठाकडेही क्वचितच असेल.

इथे एका मोहापासून सावध राहायला हवे. परदेशात कंपन्यांच्या व्यवस्थापकांना घोड्यासमोर उभे करून "घोडा तुमच्या मनाचा आरसा आहे" असे सांगणाऱ्या कार्यशाळा भरतात. त्यातले बरेचसे खोगीरभरतीचे आहे. घोडा मन ओळखत नाही; तो शरीर वाचतो. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये 28 घोड्यांना माणसांच्या रागावलेल्या आणि हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. रागावलेल्या चेहऱ्याकडे घोड्यांनी डाव्या डोळ्याने जास्त पाहिले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. एवढे पुरेसे आहे. यापलीकडे अध्यात्म जोडायची गरज नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी असे वर्ग अमेरिकेत आधीच झाले आहेत : अॅरिझोना विद्यापीठात मेंदूशल्यविशारद अॅलन हॅमिल्टन यांनी, आणि स्टॅनफर्डमध्ये डॉ. बेव्हर्ली केन यांनी. रुग्णाजवळ कसे जावे, शब्दांविना काय बोलले जाते, हे डॉक्टरांना शिकवायचे, हा त्यांचा हेतू. अशा उपक्रमांचे मोजमाप बहुतेक वेळा विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या अभिप्रायावर येऊन थांबते, ही त्यांची उणीव आहे. आपण करायचे तर त्याहून कडक मोजमाप करावे. ते कसे, ते शेवटी लिहिले आहे.

आणखी एक कारण खास आमचे आहे, आणि मुंबईत बसून ते सहज दिसत नाही. वर्धा नदी ओलांडून गाडी धामणगावात शिरते तिथून पुढे अकोल्यापर्यंत बहुतेक घरांचे जगणे शेती आणि जनावरे यांच्याभोवती फिरते. कापसाचा मुलूख, नांगरणीपासून गाडीपर्यंत जनावर लागते. आमच्याच तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, अख्ख्या विदर्भात नावाजलेला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल ओढत फिरणाऱ्या मुलांपासून थकलेल्या आजोबांपर्यंत इथे जनावराशी असलेले नाते हा रोजच्या कामाचा भाग आहे. अर्धांगवायूतून उठलेला शेतकरी थेरपिस्टला विचारतो ते शर्टाच्या बटणाविषयी नव्हे. तो विचारतो : बैलाला पाणी दाखवता येईल का, कासरा धरता येईल का, गाय पिळता येईल का. ज्या विद्यार्थ्याने आयुष्यात कधी जनावराच्या अंगाला हात लावला नाही, त्याने या प्रश्नाचे उत्तर कोणत्या अनुभवावरून द्यावे? जनावराची ओढ अचानक येते, ती सोसायला पाय किती फाकवून उभे राहावे लागते, निकामी बाजूने जाण्यात कोणता धोका आहे, हे त्याला माहीत नसेल तर तो एक तर "आता हे सगळे विसरा" म्हणेल, नाही तर माणसाला धोक्यात घालेल. रुग्णाचे काम समजून घेणे हीच ज्या शास्त्राची प्रतिज्ञा, त्याचे पदवीधर जनावरांपासून अनोळखी राहणे हे वऱ्हाडाला परवडणारे नाही.

मग घोडाच का, बैल का नाही, हा प्रश्न रास्त आहे. अर्धे उत्तर असे की जमिनीवरच्या कामांसाठी बैल, गाय, गाढव, अगदी शेळीही चालेल, आणि ज्या महाविद्यालयाला घोडा मिळत नाही त्याने तिथून सुरुवात करायला माझी हरकत नाही. उरलेले अर्धे असे की घोड्याच्या पाठीची तिहेरी हालचाल आणि त्यातून माणसाच्या चालण्याचा अभ्यास बैलावर होत नाही. विद्यार्थ्याने स्वतः घोड्यावर बसून, डोळे मिटून, आपल्या बैठकीची हाडे कशी आळीपाळीने वर-खाली होतात हे एकदा अनुभवले, की चालीच्या विश्लेषणाचा धडा पुन्हा पाठ करावा लागत नाही. घोड्याच्या चालीची नक्कल करणारी यंत्रे जपानी कंपन्यांनी बनवली आहेत. ती हालचाल देतात, पण विद्यार्थी चुकला म्हणून कान मागे टाकत नाहीत. आणि घोडे आहेत कुठे, असे विचाराल तर आकडे निराशाजनक आहेत : 2019 च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि टट्टू मिळून साधारण 3.4 लाख उरले, आधीच्या गणनेपेक्षा 45 टक्क्यांनी कमी. तरी लग्नसराईत वरातीच्या घोड्या वऱ्हाडातही दिसतात, आणि चातुर्मासात मुहूर्त नसतात तेव्हा त्यांच्या मालकांना चंदीचा खर्च मात्र चुकत नाही. त्यांतली एखादी शांत, प्रौढ वयाची घोडी, तपासून आणि मालकाला योग्य मोबदला देऊन, महिन्यातले काही दिवस वापरता येईल. सगळ्या घोड्या या कामाच्या नसतात. फटाके आणि बँडच्या गोंगाटात वर्षे काढलेले जनावर एक तर दगडासारखे स्थिर असते, नाही तर वैतागलेले. निवड पशुवैद्यकाने करावी.

सर्वांत वजनदार आक्षेप टंचाईचा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख दिव्यांग नोंदले गेले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 21 केले, त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आले. हक्क कागदावर आले. ते पेलणारे हात मोजके आहेत. अचलपूरकडच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचे घर उभे केले, त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. एका माणसाने आयुष्य वेचून जे केले ते व्यवस्थेने करायला हवे होते, ही गोष्ट त्या सन्मानाने झाकली जात नाही. अशा परिस्थितीत घोड्यावर खर्च कशाला? माझे उत्तर असे की मी खर्च मागत नाही, तास मागतो आहे, आणि तेही थोडे. जागतिक महासंघाच्या किमान मानकानुसार विद्यार्थ्याला निदान 1000 तास प्रत्यक्ष क्षेत्रकाम करावे लागते. त्यातले 20 तास म्हणजे दोन टक्के. ते वऱ्हाडात घालवले गेले तर विद्यार्थी निदान या मुलखात येईल, इथली घरे आणि गोठे बघेल. थेरपिस्ट ग्रामीण भागात का येत नाहीत याची कारणे पगार आणि पदे यांत आहेत, घोडा ती सोडवणार नाही. पण ज्याने गाव कधी पाहिलेच नाही तो तिथे नोकरीचा अर्ज करील, ही अपेक्षाही भोळी आहे.

धोक्याचे बोलायचे तर ते खरे आहेत आणि त्यांना हसण्यावारी नेता येणार नाही. घोड्याच्या लाथेने हाड मोडते, पडल्यावर डोके फुटते, धनुर्वाताचे जंतू तबेल्याच्या मातीत असतात. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो. त्याची रक्ततपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, आणि तपासणीचा दाखला नसलेले जनावर विद्यार्थ्यांच्या जवळही आणू नये. आमच्या शेजारच्या अकोल्यातच पशुवैद्यक व पशुविज्ञानाची पदव्युत्तर संस्था आहे. तिच्या सहकार्यावाचून हे काम सुरूच करू नये. धनुर्वाताची लस, हेल्मेट, बंद बूट, घोड्याला धरणारा अनुभवी मोतद्दार, हे सगळे ओघाने आलेच. रुग्णांबाबत नियम आणखी कडक हवेत. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांतला सांधा सैल असू शकतो; काही मुलांचा खुबा निखळलेला असतो, झटके आटोक्यात नसतात किंवा हाडे ठिसूळ असतात. अशा मुलांना घोड्यावर बसवणे हा गुन्हाच ठरेल. म्हणून पहिल्या टप्प्यात रुग्ण आणूच नयेत. आमच्या काळ्या मातीचा उल्लेखही करायला हवा : पावसात ती चिकट आणि निसरडी होते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम आणि वर रेती टाकलेले आवार असल्याशिवाय ना घोडा सुरक्षित, ना माणूस. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या घरात जातो तेव्हा हे काम बंद ठेवावे. बाकीच्या महिन्यांतही ते सकाळीच उरकावे.

घोड्याची बाजू कोणी मांडत नाही म्हणून तीही मांडतो. घोडा ओकू शकत नाही. चुकीचे खाणे पोटात अडकले की पोटशूळाने मरतो. वैरण अखंड लागते, दिवसाला वीस-तीस लिटर आणि उन्हात त्याहून जास्त पाणी लागते, आणि शिकाऊ हातांखाली तासन्‌तास उभे राहणे हे त्याच्यासाठी कामच आहे. काटेरी लगाम 1965 च्या नियमांनी बंद आहेत, तरी बाजारात मिळतात. ज्या घोड्याच्या तोंडात तसा लगाम सापडला तो घोडा विद्यार्थ्यांसमोर आणणे म्हणजे उलटा धडा देणे. एका दिवशी एका घोड्याला दोन तासांहून जास्त काम नको, आणि घोडा नको म्हणतो आहे हे ओळखून थांबणे हेही विद्यार्थ्याच्या गुणपत्रकात यावे. आणखी एक भीती आहे. आपल्याकडे चांगल्या कल्पनेचा सोहळा व्हायला वेळ लागत नाही. दिव्यांग मुलांना एक दिवस घोड्यावर बसवायचे, पाहुण्यांनी नारळ फोडायचा, फोटो छापून आणायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळे घरी. असे होणार असेल तर ही मागणी मी आजच मागे घेतो.

तेव्हा प्रस्ताव एवढाच आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला ऑक्युपेशनल थेरपी विभाग वऱ्हाडाला सर्वांत जवळचा. तिथल्या इंटर्नपैकी जे स्वतःहून येतील अशा एका छोट्या तुकडीला 20 तासांचा ऐच्छिक वर्ग द्यावा. जागा मुंबई-नागपूर मुख्य मार्गावर असावी. धामणगाव रेल्वेला नागपूर आणि अकोला दोन्हींकडून गाडीने येता येते. पहिले तास घोड्याचा स्वभाव आणि सुरक्षितता, मग खरारा, हाताने चालवणे, जीन-तंग कसणे, चालीचे निरीक्षण, शेवटी स्वतः बसून पाहणे. प्रत्येक कामाची लेखी उकल आणि त्याच्या पायऱ्या. दुसऱ्या तितक्याच विद्यार्थ्यांना तेवढेच तास, तोच शिक्षक, पण नेहमीची साधने द्यावीत. दोन्ही गटांनी आधी आणि नंतर त्याच चित्रफितींवरून, न बोलणाऱ्या मुलाच्या शरीरातली चिन्हे ओळखावीत आणि एका शेतकऱ्याच्या कामाची उकल करावी. तपासणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे माहीत नसावे. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा तपासावे, कारण घोड्याजवळून आल्यावरचा उत्साह आठवडाभर टिकतोच. 2021 च्या कायद्याने अभ्यासक्रमाची किमान चौकट आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाकडे गेली आहे, हे माहीत आहे. ऐच्छिक वर्ग आणि त्याचा अभ्यास एवढ्यापुरता विद्यापीठाचा निर्णय पुरेसा व्हावा, असे वाटते.

दोन गटांत फरक दिसला नाही, तर तसे प्रसिद्ध करून हा विषय बंद करावा. माझी तक्रार राहणार नाही. फरक दिसला तर पुढचा टप्पा, म्हणजे निवडक रुग्णांसह देखरेखीखालचे काम, त्या वेळच्या पुराव्यावर ठरवावा. आज विनंती एवढीच की हा प्रस्ताव संबंधित अभ्यास मंडळापुढे आणि नंतर विद्या परिषदेपुढे ठेवावा, आणि होकार असो वा नकार, त्याची कारणे लेखी कळवावीत.

कळावे,

आपला नम्र,
धामणगाव रेल्वे येथील एक रहिवासी